दुसऱ्यानं रोवलेले खांब

एक साधा कागद, त्यावर सहा ओळी. प्रत्येक ओळीत मोजणीसाठी रोवलेल्या एका खांबाचं नाव, नॉर्दिंग आणि ईस्टिंग, म्हणजे उत्तरेकडचं आणि पूर्वेकडचं अंतर, आणि उंची. इंदापूर तालुक्यातल्या एका माळरानावर होऊ घातलेल्या सौर प्रकल्पाचा सगळा आराखडा या सहा ओळींवर उभा आहे. पॅनेलच्या रांगा, आतले रस्ते, पावसाचं पाणी वाहून नेणारे चर, कुंपण, सगळंच. हे आकडे ज्यांनी काढले ते सर्वेअर काम आटोपून कधीच दुसऱ्या साइटवर गेले. बांधकामाचं कंत्राट वेगळ्याला मिळालं. त्याच्याकडून आलेल्या नव्या सर्वेअरनं आता या कागदावर भरवसा ठेवून पॅनेलच्या लोखंडी खांबांच्या जागा आखून द्यायच्या आहेत.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘पडताळा’ हा विषय दिला, तेव्हा मला हा व्यवसाय आठवला. दुसऱ्याचं काम तपासून घेणं हा इथे रोजच्या कामाचाच भाग आहे. शिवाय ते अशा काटेकोरपणे करावं लागतं, की तपासणाऱ्याचीच चूक दुसऱ्याच्या माथी लागू नये. म्हणून ओळखीतल्याच या नव्या सर्वेअरबरोबर माळावर गेले. पन्नाशीला टेकलेले गृहस्थ. उमेदवारी प्लेन टेबलवर झाली, पुढे टोटल स्टेशन आलं, आता हातात जीपीएसचा रोव्हर. सोबत पॉलिटेक्निकमधून नुकताच बाहेर पडलेला एक मुलगा आणि गावातलाच एक हेल्पर.

बेस, रोव्हर आणि बुडबुडा

ऊन चढायच्या आत बेस लागला. उंचशा जागी तिवई, तिच्यावर पांढरा रिसीव्हर. हा दिवसभर एकाच जागी बसून उपग्रह ऐकत राहतो आणि स्वतःच्या जागेच्या आधारे दुरुस्ती रेडिओवरून रोव्हरला पाठवत राहतो. रोव्हर दोन मीटरच्या काठीवर असतो. बोलताना सगळे ‘जीपीएस’च म्हणतात, पण आजचं यंत्र अमेरिकी जीपीएसबरोबर रशियाचे, युरोपचे आणि चीनचे उपग्रहही एकाच वेळी वापरतं. हातातल्या कंट्रोलरच्या पडद्यावर ‘फ्लोट’, म्हणजे जागा अजून पक्की न झालेली, असेल तोवर कोणी पॉइंट घेत नाही. ‘फिक्स’ आला, की आडव्या अंतरात सेंटिमीटरभर आणि उंचीत त्याच्या साधारण दुप्पट, इतकी अचूकता धरायला हरकत नाही.

पहिला खांब सीपी-१, म्हणजे कंट्रोल पॉइंट एक. खड्ड्यात काँक्रीट, वर चौकोनी माथा, माथ्यात खिळा आणि खिळ्यावर छिन्नीनं मारलेली फुली. मुलानं काठीचं टोक फुलीवर टेकवलं, तिला दोन पायांचा आधार दिला आणि बुडबुडा मध्ये आणला. तीन मिनिटं वाचन. मग सर्वेअर, म्हणजे मुलाचे ‘सर’, म्हणाले, “आता काठी अर्धी फिरव आणि परत घे.” काठीचा बुडबुडा जरा जरी बिघडलेला असला, तर दोन मीटर उंचीवरचा रिसीव्हर एका बाजूला कलतो आणि खाली सेंटिमीटरांची गफलत होते. काठी अर्ध्या फेऱ्यानं फिरवली की तीच गफलत उलट बाजूला जाते, म्हणजे सरासरीत मरते आणि लक्षातही येते. दुसऱ्याच्या आकड्यांना हात घालण्याआधी ते स्वतःच्या काठीची परीक्षा घेत होते. दुपारी, आकाशातली उपग्रहांची मांडणी बदलल्यावर, सहाही खांब पुन्हा घ्यायचे हेही तेव्हाच ठरलं होतं.

यंत्राची भाषा, कागदाची भाषा

इथे अडचण अशी, की यंत्राची भाषा आणि कागदाची भाषा एक नाही. यंत्राला पृथ्वीवरचे अक्षांश-रेखांश कळतात. कागदावर मात्र सीपी-१ चा नॉर्दिंग ५०००, ईस्टिंगही ५०००. हे आकडे मानलेले आहेत. पहिल्या सर्वेअरनं एका खांबाला सोयीचे गोल आकडे दिले, एक दिशा उत्तर म्हणून धरली आणि टोटल स्टेशननं कोन-अंतरं मोजत बाकीचे खांब त्या हिशेबात बसवले. यात वावगं काही नाही. हजारो साइट अशाच चालतात.

या दोन भाषांची गाठ घालून देण्याच्या क्रियेला सर्वेअर लोकलायझेशन म्हणतात. ट्रेसिंग पेपरवरची जुनी आकृती नव्या नकाशावर ठेवून, सरकवून, फिरवून, ठिपक्यावर ठिपका बसवावा, तसं हे गणित चालतं. फरक इतकाच, की इथे कागद किंचित ताणताही येतो. सरकवणं दोन दिशांना, एक फिरवणं, एक ताणणं, असे चार अज्ञात आकडे कंट्रोलर शोधतो. उंचीसाठी वेगळं गणित: एक तिरकी पातळी जुळवली जाते. सगळं जुळवून झाल्यावर प्रत्येक खांबापाशी जो फरक शिल्लक राहतो, तो रेसिड्युअल.

बहुतेकांची फसगत इथेच होते. लोकलायझेशन दोनच खांबांवर केलं, तर रेसिड्युअल शून्य येतं. दोन खांबांचे मिळून चार आकडे आणि शोधायचेही चारच, त्यामुळे गणित नेहमीच जुळतं. एक खांब अर्धा मीटर चुकलेला असला तरी जुळतं. सगळा कागद ताणून आणि फिरवून यंत्र ती चूक पचवून टाकतं. पडद्यावर शून्य दिसतं आणि घाईतला माणूस पुढे जातो. तीन खांबांपासून तपासणी सुरू होते, चार-पाच असले तर तिला अर्थ येतो. ते खांबही साइटच्या चारी अंगांना हवेत. सगळे एका रस्त्याच्या कडेला ओळीनं असतील, तर त्या ओळीपासून बाजूला गेल्यावर काय होतं हे कोणालाच सांगता येत नाही.

सरांचं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर लोकलायझेशन हे जुळवून देणारं गणित आहे, तपासणारं नाही. तपासायचं माणसानं.

एक्केचाळीस सेंटिमीटर

म्हणूनच त्यांनी लोकलायझेशनचं बटण आधी दाबलंच नाही. मुलाला सांगितलं, “खांबाखांबातली अंतरं काढ. कागदावरून एक, रोव्हरवरून एक.” अंतराचा गुण असा, की उत्तर कुठे धरली आणि शून्य कुठे धरलं याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. सहा खांबांच्या पंधरा जोड्या होतात. मुलानं सीपी-१ ते सीपी-६ हे सगळ्यांत लांबचं अंतर आधी काढलं. कागदावर ८७० मीटरच्या थोडं वर. रोव्हरच्या हिशेबात ते ४१ सेंटिमीटरनं कमी.

“सर, एवढा फरक? यांचं सगळंच चुकलंय.”

सर म्हणाले, “सगळं चुकलंय म्हणतोस, तर सगळीकडे सारखंच चुकलंय का ते बघ.”

सारखंच होतं. पाचशे मीटरला साडेतेवीस सेंटिमीटर, दोनशे मीटरला नऊच्या आसपास. म्हणजे किलोमीटरमागे ४७ सेंटिमीटर. चूक इतकी शिस्तीत वागत नाही. कारण कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये होतं. तिथे यूटीएम प्रक्षेपण निवडलेलं होतं.

गोल पृथ्वी सपाट कागदावर आणताना लांबी कुठे ना कुठे बदलतेच. यूटीएममध्ये पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे पट्टे पाडलेले आहेत. महाराष्ट्राचा बराचसा भाग ७२ ते ७८ अंशांच्या त्रेचाळिसाव्या पट्ट्यात येतो, तर वर्धा, नागपूर आणि त्यांच्या पूर्वेचा भाग चव्वेचाळिसाव्यात. पट्ट्याच्या मध्यरेषेवर लांबी मुद्दाम ०.९९९६ पट धरलेली असते, म्हणजे जमिनीवरचा किलोमीटर कागदावर ४० सेंटिमीटरनं आखूड. त्रेचाळिसाव्या पट्ट्याची मध्यरेषा ७५ अंश पूर्व, आणि इंदापूर जवळजवळ तिच्यावरच आहे. उरलेले सात सेंटिमीटर उंचीचे. यूटीएमचा हिशेब पृथ्वीच्या गणिती पृष्ठावर होतो आणि हे माळरान त्याच्यापेक्षा साडेचारशे मीटर वर आहे. वरच्या वर्तुळाचा परीघ मोठा, म्हणून जमिनीवरचं अंतरही थोडं जास्त. चाळीस आणि सात, सत्तेचाळीस.

टोटल स्टेशन जमिनीवरचं खरं अंतर मोजतं. पहिल्या सर्वेअरनं तेच मोजलं होतं आणि ते बरोबर होतं. पट्ट्याच्या मध्यरेषेपासून लांब, अमरावतीच्या बाजूला हेच काम असतं, तर फरक उलट दिशेचा दिसला असता, कारण तिथे कागदावरची लांबी जमिनीपेक्षा जास्त भरते. हे ठाऊक नसलेला माणूस ‘आधीच्या सर्वेअरच्या कामात ४१ सेंटिमीटरची चूक’ असा मेल ठेकेदाराला पाठवून मोकळा होतो. एखाद्याचं नाव खराब व्हायला असा एक मेल पुरतो. अशा प्रसंगांतून उठलेली भांडणं आणि अडकलेली बिलं मी या मंडळींकडून इतकी ऐकली आहेत, की प्रक्षेपणाचा हा धडा परीक्षेपुरता शिकवून सोडू नये असं मला मनापासून वाटतं.

सीपी-४

पंधरापैकी पाच जोड्या मात्र शिस्तीत बसत नव्हत्या, आणि त्या पाचही जोड्यांत सीपी-४ होता. आता लोकलायझेशन केलं, सहाही खांब घेऊन. सीपी-४ चं रेसिड्युअल ३३ मिलीमीटर, बाकीच्यांची दहा-बाराच्या आसपास. मग सीपी-४ ला गणितातून वगळून पुन्हा केलं. उरलेले पाच खांब पाच-सहा मिलीमीटरवर आले आणि सीपी-४ चा फरक ५१ मिलीमीटर झाला.

या दोन आकड्यांमधलं अंतर नीट पाहण्यासारखं आहे. चुकलेला खांब गणितात असतो, तेव्हा तो स्वतःची चूक शेजाऱ्यांना वाटून देतो. स्वतः कमी वाईट दिसतो आणि चांगले खांब उगाच वाईट दिसतात. म्हणून एकेक खांब बाहेर काढून पाहावा लागतो. उलटही घडतं. रेसिड्युअल सुंदर यावं म्हणून काही जण न जुळणारे खांब काढत सुटतात आणि शेवटी दोन-तीन आज्ञाधारक खांब उरतात. कागदावर काम देखणं दिसतं, पण मग तपासणी झालेलीच नसते. वगळलेल्या प्रत्येक खांबाचं कारण लिहिता आलं पाहिजे, हा सरांचा नियम.

कारण शोधताना त्यांनी पहिला संशय स्वतःवर घेतला. जवळ विजेच्या तारा, पत्र्याची शेड किंवा झाड असलं, तर उपग्रहाचा संदेश आपटून येतो आणि यंत्र फसतं. इथे आकाश मोकळं होतं. दुपारचं वाचन सकाळच्या वाचनाशी आठ मिलीमीटरांत जुळलं. तरी टोटल स्टेशन लावून सीपी-३ आणि सीपी-५ वरून सीपी-४ चं अंतर घेतलं. उत्तर तेच. खांब कागदावर लिहिलेल्या जागी नव्हता.

सर खाली बसले. खांबाच्या पश्चिमेला माती आणि काँक्रीट यांच्यामध्ये बोटभर फट होती, पूर्वेला माती दबून वर आलेली. माथ्यावर लहान पातळी ठेवली तर बुडबुडा एका कडेला जाऊन बसला. मेंढरं घेऊन जाणाऱ्या एका आजोबांना विचारलं. ते म्हणाले, “मुरूम टाकाय टिपर यायचं की हितनं. मागं घेताना लागला आसंल धक्का, ह्यो दगुड कुनाला दिसतोय गवतात.”

संध्याकाळी सरांनी पहिल्या सर्वेअरना फोन लावला. ओळख नव्हती. “सर, तुमच्या सीपी-४ बद्दल विचारायचं होतं. आकडा तुमचा बरोबरच दिसतोय, खांब हललाय असं वाटतंय. तुमच्या ट्रॅव्हर्सची मूळ वाचनं मिळाली तर बरं होईल.” पलीकडचा सावध आवाज दोन मिनिटांत मोकळा झाला. रात्री फील्ड बुकाचे फोटो आले. ट्रॅव्हर्स सीपी-१ वरून निघून सगळे खांब घेत परत सीपी-१ वर बंद केलेला होता, बंद होतानाचा फरक अगदी थोडा. सीपी-४ चा आकडा तेव्हा खरा होता.

आधी फोन आणि मग अहवाल, हा क्रम सरांनी सौजन्यापोटी ठेवलेला नाही. मूळ वाचनं ज्याच्याकडे आहेत, त्याला न विचारता काढलेला निष्कर्ष अर्धवट पुराव्यावर उभा असतो.

उंचीचा हिशेब

रोव्हर सीपी-१ ची उंची कागदापेक्षा साठहून अधिक मीटरनं कमी दाखवतो. मुलाला हे माहीत होतं. यंत्र गणिती पृष्ठापासून उंची मोजतं आणि आपण समुद्रसपाटीपासून. भारताच्या आसपास ही दोन पृष्ठं एकमेकांपासून बरीच दूर आहेत. श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात गुरुत्वाकर्षणाचा जगातला सगळ्यांत मोठा खळगा आहे. तिथे समुद्राची पातळी गणिती पृष्ठाच्या शंभराहून अधिक मीटर खाली आहे आणि तिचा उतार आपल्यापर्यंत पोचतो. त्यामुळे मुंबईच्या किनाऱ्यावर उभं राहिलं तर रोव्हर उणे साठच्या घरातली उंची दाखवतो.

लोकलायझेशन हा फरक एका तिरक्या पातळीनं भरून काढतं. लहान साइटवर ते चालतं, पण चुकीची एक उंची त्या पातळीला कलवते. इथे तसं झालं. सीपी-६ कोपऱ्यातला खांब. त्याच्या उंचीचं रेसिड्युअल पाच सेंटिमीटरच्या आसपास, समोरच्या कोपऱ्यातही दोन-अडीच. एका खांबाला खूश करायला गणितानं सगळं माळरान कलतं केलं होतं. सीपी-६ वगळल्यावर बाकीचे ताळ्यावर आले आणि त्याचा फरक झाला दहा सेंटिमीटर.

“दहाच,” सर म्हणाले. “खांब खचला तर सात खचेल, नाहीतर तेरा. बरोबर दहा आला की स्टाफ वाचणारा डोळा आठवायचा.” स्टाफ म्हणजे लेव्हलिंगची आकडे लिहिलेली पट्टी.

तरी जीपीएसच्या जोरावर त्यांनी उंचीचा निकाल दिला नाही. दुसऱ्या दिवशी ऑटो लेव्हल आणली. कालव्याच्या मोरीच्या कट्ट्यावरच्या बेंचमार्कपासून निघून सीपी-६ पर्यंत जायचं आणि परत मोरीवर येऊन बंद करायचं, असं लेव्हलिंग झालं. सीपी-६ ची नोंद १० सेंटिमीटरनं चुकलेली निघाली. पहिल्या सर्वेअरनी आपलं लेव्हल बुक पाहिलं आणि कळवलं, की परतीची लेव्हल त्या खांबापर्यंत नेलीच नव्हती. सुधारलेली उंची त्यांनी स्वतःच्या सहीनं पाठवली. पाण्याचा चर त्याच कोपऱ्यातून बाहेर निघणार होता. किलोमीटरभराच्या सपाट माळावर दहा सेंटिमीटर म्हणजे पाणी निघून जाणं किंवा पॅनेलखाली तुंबून राहणं.

हिंगणघाटची कबर

पडताळ्याची ही रीत इथल्या मातीत नवी नाही. १८०२ साली विल्यम लॅम्बटननं मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी साडेसात मैलांची पायारेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केलं. त्रिकोणामागून त्रिकोण जोडत जायचं आणि बरंच अंतर गेल्यावर दुसरी पायारेषा जमिनीवर प्रत्यक्ष मोजायची. गणितानं सांगितलेली तिची लांबी आणि मोजलेली लांबी ताडून पाहायची. १८०४ साली बंगळूरजवळ असा ताळा घेतला, तेव्हा काही मैलांच्या रेषेत काही इंचांचाच फरक निघाला. सरांनी सीपी-४ साठी घेतलेली टोटल स्टेशनची अंतरं म्हणजे हीच युक्ती. ज्या मापानं काम झालं, त्याच मापानं त्याची परीक्षा घ्यायची नाही. लॅम्बटन हे काम करत उत्तरेकडे सरकत असतानाच १८२३ साली वारला. त्याची कबर वर्धा जिल्ह्यात हिंगणघाटला आहे.

इंदापूरचा तर मान वेगळाच. प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याची आधीची पाहणी टिकली नाही, म्हणून १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी याच तालुक्यातून नव्यानं मोजणी-आकारणी सुरू केली. मुंबई इलाख्याची रयतवारी मोजणी पुढे त्याच वाटेनं गेली. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे, एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. आपले गुंठे आजही त्या साखळीचेच आहेत.

रोव्हर बांधावर येतो तेव्हा

सौर प्रकल्पाच्या खांबांचा हा विषय सामान्य शेतकऱ्याच्या दारात कधीच येऊन पोचलाय. भूमी अभिलेख विभागाची मोजणी आता रोव्हरवर होते. त्यासाठी राज्यात ७७ ठिकाणी कायम चालू राहणारी कॉर्स केंद्रं उभारली आहेत. वर सांगितलेल्या बेसचं काम ती करतात, त्यामुळे भूकरमापकाला स्वतंत्र बेस लावावा लागत नाही. कामाचा वेग वाढला आणि साखळी ओढताना होणाऱ्या चुकाही गेल्या.

पण रोव्हर सांगतो ती आजची जागा. वाद असतो जुन्या हद्दीचा. ती टिपणात साखळी-आण्यांत लिहिलेली, गटाच्या नकाशात काढलेली आणि शिवारात कुठेकुठे दगडाच्या रूपानं उरलेली. तो नकाशा आजच्या अक्षांश-रेखांशांवर बसवायचा, तर लोकलायझेशनशिवाय वाट नाही. कोणते दगड धरले, ते मूळचे आहेत की कोणी नंतर आणून टाकलेले, किती धरले, उरलेला फरक किती राहिला, यावर बांध कुठे पडणार ते ठरतं. सर्व्हे ऑफ इंडियाचा जुना नकाशा वापरायचा असेल तर आणखी एक धोका आहे. तो ‘एव्हरेस्ट’ नावाच्या वेगळ्या गणिती पृष्ठावर काढलेला असतो आणि आजच्या जीपीएसच्या पृष्ठाशी त्याचा महाराष्ट्रात शंभर मीटरहून अधिक फरक पडतो. तो न ओळखता आकडे टाकले, तर शेत शेजारच्या शिवारात जाऊन पडतं.

माळावर त्या आजोबांनी सरांना विचारलं होतं, “मग मशिनीचं खरं का दगडाचं?” सर म्हणाले, “दगड जागचा हलला नसंल तर दगडाचं, आजोबा. मशीन सांगतं ते फक्त हलला का न्हाई एवढंच.” या व्यवसायातला सगळ्यांत जुना दंडक हाच आहे. मूळ खूण जागेवर, शाबूत सापडली, तर तिच्यापुढे नंतर काढलेला आकडा कमी प्रतीचा.

सरांचा अहवाल दीड पानाचा झाला. पाच खांब आडव्या जागेत वापरण्यायोग्य. सीपी-४ हलला आहे, मूळ आकडा बरोबर, खांब पुन्हा रोवावा. सीपी-६ ची उंची दुरुस्त, पहिल्या सर्वेअरच्या संमतीसह. कागदावरची अंतरं जमिनीवरची आहेत, यूटीएमची नाहीत, याची वेगळी ओळ. लोकलायझेशनमध्ये न वापरलेल्या एका खुणेवर जाऊन घेतलेला शेवटचा ताळा, नऊ मिलीमीटर.

असा अहवाल मागणं हा काम करून घेणाऱ्याचा हक्क आहे, मग तो ठेकेदार असो, सोसायटी असो की दोन एकरांचा धनी. तुमच्या जमिनीवर रोव्हर घेऊन कोणी आलं, तर नकाशाची प्रत घेताना एवढं नक्की विचारा: कोणत्या खुणा धरल्या, कोणत्या सोडल्या आणि का, आणि प्रत्येकीपाशी फरक किती उरला. आणि बांधावरचा जुना दगड नांगराच्या आड येतो म्हणून उपटू नका.